कलादालनात पाणी शिरलं तर: पहिल्या तासापासून भिंती सुकेपर्यंत

आमचं कलादालन मुंबईत हिंदमाताजवळ, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. पुढे दोन खोल्या, मागे चित्रं ठेवायची कोठी. हा सगळा भाग बशीसारखा खोलगट आहे. धो धो पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्यांचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, ते रस्त्यावर चढतं. जुलैतल्या एका रात्री ते आमच्या शटरखालून आत आलं. सकाळी भिंतीवर पावणेदोन फुटांवर गाळाची रेघ होती आणि कोठीतल्या खालच्या दोन फळ्यांवरची चित्रं भिजून लगदा व्हायच्या बेतात होती.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला पंचाहत्तरच्याही आत. मुंबईचा पूर असा असतो, एक भाग बुडतो आणि पलीकडचा कोरडा राहतो. त्यामुळे मदतही हाकेच्या अंतरावर असते. त्या आठवड्यात आम्हाला हात कधीच कमी पडले नाहीत. कोणी काय करायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हे सांगणारं माणूस पहिल्या दिवशी कमी पडलं. पुढे जे लिहिते आहे ते दालन चालवणाऱ्यांसाठी आहे. पण घरात, शाळेत, मंडळाच्या कार्यालयात चित्रं असलेल्या कोणालाही ते उपयोगी पडेल.

आत पाऊल टाकण्याआधी

चित्रांकडे धाव घ्यायची इच्छा होते. थांबा. आधी इमारतीच्या मीटरच्या खोलीतून दालनाचा पुरवठा बंद करून घ्या, आणि तेही वायरमनकडून. पाण्यात उभं राहून कोणीही स्विचला हात लावायचा नाही. इन्व्हर्टर असेल तर त्याची बॅटरी विसरू नका, मेन बंद केला तरी तिथे वीज असते. रस्त्यावर पाणी अजून असेल, मॅनहोल उघडं दिसलं किंवा भिंतीला तडा गेला असेल तर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवा आणि बाहेरच थांबा.

मुंबईच्या पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतंच. उंदीर, घुशी, कुत्रे यांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पसरतो आणि तो पायाच्या छोट्याशा खरचटीतूनही शरीरात जातो. गमबूट आणि रबरी हातमोज्यांशिवाय कोणालाही आत सोडू नका. जे पाण्यातून चालत आलेत त्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारावं. उत्साहाने आलेली पोरं हे टाळतात, म्हणून आम्ही दारावरच नावं लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला फोन करून विचारलं.

आत गेल्यावर पहिलं काम मोबाइलने फोटो काढायचं. पूर्ण खोली, प्रत्येक भिंत, प्रत्येक फळी, पाण्याच्या रेघेजवळ मोजपट्टी धरून एक. मगच वस्तू हलवा. विमा असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत फुगलेली फ्रेमसुद्धा फेकू नका. पंचनाम्याची मागणीही लगेच करून ठेवा. भिजलेल्या वस्तू वाचवण्यासाठी हलवणं चालतं, फक्त हलवण्याआधीचा फोटो हवा.

माणसं बोलवा, पण काम नेमून

१९६६च्या नोव्हेंबरमध्ये इटलीत आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्स शहरात शिरला, तेव्हा ठिकठिकाणहून आलेली तरुण मुलं राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरातून हातोहात पुस्तकं वर काढत होती. चिखलातले देवदूत असं लोक त्यांना म्हणू लागले. आपल्याकडे ही फौज आधीच तयार असते. जुलै-ऑगस्टमध्ये गणपतीच्या तयारीसाठी मंडळाची मुलं रोज रात्री जमतातच. २९ ऑगस्ट २०१७ला मुंबई बुडाली तेव्हा गणपती बसलेले होते आणि किती तरी मंडळांनी अडकलेल्या लोकांना चहा, जेवण आणि बसायला जागा दिली. मंडळाकडे यादी असते, जनरेटर कुठे मिळतो ते माहीत असतं, मंडपवाल्याचा नंबर असतो. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना मी सकाळी सातला फोन केला, नऊ वाजता दालनासमोर बांबू, ताडपत्र्या आणि मंडपवाल्याची चौदा लांब टेबलं होती.

पहिल्या तासात मात्र आमचं चुकलं. चाळीस माणसं आत शिरली आणि ज्याला जे दिसलं ते त्याने उचललं. एका भल्या माणसाने तैलचित्रावरचा गाळ ओल्या फडक्याने पुसला आणि गाळाबरोबर रंगाचे पोपडे आले. दोष त्याचा नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मदतीचा निरोप असा पाठवा की त्यातच काम कळेल. आमचा दुसऱ्या दिवसाचा निरोप असा होता:

“सकाळी ११ ते ३, बारा जण हवेत. गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर येऊ नका, घरून फोनचं काम देऊ. आणायचं काय: पांढरी जुनी सुती धोतरं किंवा चादरी (रंगीत नको, स्टार्च केलेली नको), प्लास्टिकचे ट्रे, कोरा कागद, पेन्सिली. चित्राला हात लावण्याआधी टेबलावरच्या ताईंना विचारा.”

चार तासांची पाळी पुरे. त्यापुढे हात थरथरतात आणि चुका होतात. आत एका वेळी सहापेक्षा जास्त माणसं नकोत. दोघे उचलणारे, एक दार सांभाळणारा, एक फोटो काढणारा, एक नोंदवहीवर आणि एक जण फक्त क्रम सांगणारा. बाकीचे बाहेर टेबलांवर, गाळ काढायला, चहा-नाश्त्यावर. वडापाव आणि चहा चित्रांच्या टेबलांपासून लांब, रस्त्याच्या पलीकडे ठेवा. तेलकट बोट ओल्या कागदावर कायमचं उमटतं.

नोंदवही हा या सगळ्याचा कणा आहे. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, कलावंताचं नाव, कुठे सापडली, किती भिजली, आता कुठे ठेवली आणि कोणी नेली ते लिहा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीत पसरते. चिठ्ठी चित्राला चिकटवू नका, सोबत ट्रेमध्ये ठेवा.

आणि फ्रेमवाला. त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा माणूस कोण, असं कोणी विचारलं तर मी फ्रेमवाल्याचं नाव घेईन. मागचे खिळे न ओढता, ओलीने फुगलेला हार्डबोर्ड चित्राला धक्का न लावता कसा सोडवायचा हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. सोबत जाणकार संवर्धकांना, म्हणजे खराब झालेली चित्रं शास्त्रीय पद्धतीने दुरुस्त करून जपणाऱ्यांना, पहिल्याच दिवशी फोन करा. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र मुंबईतच आहे, वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेची संवर्धन केंद्रं आहेत, लखनऊला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला आहे. फोटो पाठवून विचारलेला एक प्रश्न एक चित्र वाचवू शकतो.

काय आधी, काय नंतर

घड्याळ ४८ तासांचं आहे. आपल्याकडच्या उकाड्यात दोन दिवसांत ओल्या कागदावर आणि कापडावर बुरशी धरू लागते. त्यामुळे सगळं एकाच वेळी वाचवायचा हट्ट सोडा आणि जे सगळ्यात लवकर मरतं ते आधी घ्या: छायाचित्रं, मग कागदावरची चित्रं, मग कॅनव्हास, मग लाकूड आणि कापड. दगड आणि भाजलेली माती थांबू शकते. अर्धवट भिजलेलं चित्र पूर्ण भिजलेल्याच्या आधी घ्या, कारण त्यात वाचण्यासारखं जास्त आहे.

आमच्याकडे १९८२च्या गिरणी संपाच्या काळातल्या कामगार वस्त्यांची कृष्णधवल छायाचित्रं होती, एका खोक्यात एकावर एक. खोका भिजला होता. “हे संध्याकाळी बघू” असं मी म्हणाले. संध्याकाळपर्यंत वरचा भाग सुकला आणि चाळीस छायाचित्रांची एक वीट झाली. छायाचित्रावर जिलेटिनचा थर असतो, तो ओला झाला की फुगतो आणि सुकताना शेजारच्या छायाचित्राला धरून बसतो. ती वीट आजही तशीच आहे. तेव्हा चिकटलेली छायाचित्रं सुकू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा, आपोआप सुटतात का ते पाहा, सुटलेलं प्रत्येक छायाचित्र चित्राची बाजू वर करून कोऱ्या टीपकागदावर पसरा. पाण्यातही दोन दिवसांपेक्षा जास्त नको.

उचलायचं कसं

ओल्या कागदाला स्वतःचं बळ नसतं. त्याला बोटांनी धरायचं नाही, त्याच्याखाली काही तरी सरकवून त्यासकट उचलायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्यांच्या यजमानांची जुनी धोतरं आणून दिली होती, शेकडो वेळा धुऊन मऊ झालेली. धोतराची एक कड ओली करून जलरंगातल्या चित्राखाली हळूहळू सरकवायची, दोघांनी चार कोपरे धरायचे, मोजून तीन म्हटलं की एकत्र वर. पाणी धोतरातून गळतं आणि चित्र झोळीतल्या बाळासारखं आडवं राहतं. तसंच ते टेबलावर ठेवायचं आणि धोतर काढायच्या भानगडीत पडायचं नाही. गुंडाळी असेल तर उलगडू नका. दुमडलेलं असेल तर तसंच आणा.

चित्र काचेला चिकटलं असेल तर ओढू नका. फ्रेम काढा, पण काच चित्रासकट राहू द्या, काच खाली ठेवून आडवी ठेवा आणि पुढचं संवर्धकांवर सोडा.

ज्याची त्याची तऱ्हा

तैलचित्र आणि ॲक्रिलिक: फ्रेममधून काढा, पण ज्या लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणलेला असतो तिच्यावरून काढू नका. काढला की तो आकसतो आणि रंग उडतात. रंगाची बाजू वर, आडवं, चार कोपऱ्यांखाली ठोकळे देऊन, पृष्ठभागाला काहीही न लावता ठेवा. गाळ असला तरी असू द्या. सुकलेला गाळ संवर्धक काढू शकतात, पुसून गेलेला रंग कोणी परत आणू शकत नाही.

जलरंग, शाई, गवाश (अपारदर्शक जलरंग): धुवायचं अजिबात नाही. वरून टिपायचंही नाही. खालच्या बाजूने टीपकागद बदलत राहा.

वारली चित्रांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ती आपल्याकडे घरोघर असतात आणि लोकांना ती दणकट वाटतात. कापडावर गेरूचा किंवा शेणाचा हात असतो आणि वरचा पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, डिंक घालून केलेला. यातलं सगळं पाण्यात विरघळतं. शिवाय तांदळाचं पीठ म्हणजे बुरशीचं खाद्य. अशा चित्राला ना पाणी लावायचं, ना ब्रश. आडवं ठेवायचं आणि सुकवण्यात त्याला पहिला नंबर द्यायचा. आमची सहांपैकी चार वाचली. उरलेली दोन चित्रं लोकांनी उभी धरून आणली होती आणि तारप्याभोवतीचा नाच ओघळून खाली आला होता.

लाकडी शिल्प झटपट सुकवलं की तडकतं. त्यावर प्लास्टिक सैल टाका, रोज थोडं थोडं उघडा. पितळ-काशाच्या वस्तू स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरड्या करा, भरतीचं पाणी मिसळलं असेल तर मीठ धातू खातं. शाडूच्या कच्च्या मूर्तीला जागेवरून हलवू नका, आजूबाजूचं पाणी काढा आणि तिथेच सुकू द्या.

मुंबईच्या हवेत सुकवणं

परदेशी पुस्तिका सांगतात, खिडक्या उघडा, वारा खेळू द्या. जुलैतल्या मुंबईत हे करू नका. बाहेरच्या हवेत ८५ टक्क्यांच्या पुढे ओल असते, खिडकी उघडली की आपण ओल आत घेतो. पहिल्या दिवशी आम्ही खिडक्या उघडल्या, सहा पंखे पूर्ण वेगाने चित्रांवर सोडले आणि रात्रीपर्यंत कागद द्रोणासारखे वळले.

मग मंडपवाल्याच्या बांबूंनी वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत आणखी एक खोली उभारली. बांबूचा सांगाडा, चारी बाजूंनी आणि वरून प्लास्टिकचा कागद, आत टेबलं. जागा जितकी छोटी तितकी तिच्यातली ओल लवकर काढता येते. तिच्यात भाड्याने आणलेलं डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) लावलं. ते नसेल तर एसी ड्राय मोडवर चालवा. पंखा लावायचाच तर भिंतीकडे तोंड करून, म्हणजे हवा हलते पण चित्रावर आदळत नाही. आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर बाजारात मिळतं, ते आत टांगा आणि दर दोन तासांनी आकडा नोंदवहीत लिहा. ६० टक्क्यांच्या खाली आलात की बुरशीचा जोर ओसरतो. ५० ते ५५वर स्थिर ठेवा, त्याखाली झपाट्याने नेऊ नका. जुन्या इमारतीची वायरिंग किती भार सोसेल ते वायरमनला विचारूनच यंत्रं लावा.

टिपण्यासाठी छापील वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. छापखान्यांत रोलच्या शेवटी उरलेला कोरा न्यूजप्रिंट मिळतो, विचारलं तर लोक आनंदाने देतात. पहिल्या दिवशी टीपकागद दर अर्ध्या तासाने बदलावे लागतात. हे काम कॉलेजातल्या मुलींच्या एका गटाने रात्रभर केलं, गाण्यांच्या भेंड्या खेळत. ऊन पडलं तर मोह होतो, पण उन्हात ठेवायचं नाही. केसांचा ड्रायर, इस्त्री, दोन्ही बंद.

हाताबाहेर गेलं तर थंडीत

कागद इतके असतील की दोन दिवसांत सुकणं शक्य नाही, तर गोठवा. उणे १८ अंशांच्या खाली बुरशी थांबते आणि तुम्हाला महिने मिळतात. चारपाच कागदांच्या थरामध्ये बटर पेपर घाला, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत सीलबंद करा, नोंदवहीतला क्रमांक लिहून आडवे ठेवा. नेण्यासाठी मासळीबाजारातले थर्माकोलचे खोके आणि बर्फ उत्तम. आमच्याकडे एका कोळीण मावशींनी खोके दिले, आधी साबणाने घासून, उन्हात वाळवून. गोठवायला आइस्क्रीमवाल्याने आपला एक फ्रीझर रिकामा करून दिला. तैलचित्रं, लाकूड आणि काचेवरची जुनी छायाचित्रं मात्र कधीही गोठवू नका.

दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की दहा-दहा कागद बाहेर काढा. पावसाळ्यात काढायची घाई नको.

बुरशी दिसलीच तर

ते चित्र लगेच वेगळ्या खोलीत न्या. ओली बुरशी पुसली तर ती कागदात घुसते, म्हणून आधी पूर्ण सुकू द्या. मग एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशने हळूच झटका, शेजारी हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) असलेला व्हॅक्यूम धरा. फिनाइल, डेटॉल, ब्लीचिंग पावडर यातलं काहीही चित्राच्या खोलीत आणू नका. फरशीसाठी ते ठीक, तेही चित्रं बाहेर गेल्यावर. दमा असलेल्यांना हे काम देऊ नका.

कलावंत आणि पैसे

ज्यांची चित्रं आहेत त्यांना पहिल्याच दिवशी फोन करा. निरोप नको, फोन. काय झालं, किती झालं, आता चित्र कुठे आहे, हे सरळ सांगा. मी दोघांना तीन दिवस फोन करायचं टाळलं, कारण धीर होत नव्हता, आणि त्यातल्या एकाने मला सांगितलं की नुकसानापेक्षा ते दुसऱ्याकडून कळलं याचं त्याला जास्त वाईट वाटलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. चित्र दुरुस्त करायचं की नाही, हा निर्णय कलावंताचा किंवा मालकाचा. त्यांची लेखी संमती घ्या.

मदतीसाठी कलावंतांकडे फुकट चित्रं मागू नका. त्यांचं आधीच गेलेलं असतं. लोकांकडून पैसे घ्यायचे तर ट्रस्टच्या खात्यातच घ्या, प्रत्येकाला पावती द्या आणि दर रविवारी जमा-खर्चाचा कागद दालनाच्या दारावर लावा. आमच्याकडे सगळ्यात मोठा खर्च यंत्रांच्या भाड्याचा आणि संवर्धनाचा झाला. लोकांना तो आकडा दिसला, तेव्हा शेजारच्या सोसायटीने एका डीह्युमिडिफायरचं महिन्याचं भाडं आपणहून उचललं.

भिंती

चित्रं सुरक्षित झाली की सगळ्यांना दालन उघडायची घाई होते. भिंतींना ती घाई नसते. आमच्या चुन्याच्या जाड भिंती सुकायला चार महिने लागले. त्या आधी पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारला तर ओल आत कोंडते आणि पोपडे धरतात. भिंतीवर पांढरा लोणा फुटेल, तो कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. सुकली की नाही ते असं पाहा: फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद चारी कडांना टेपने भिंतीवर चिकटवा, एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर अजून थांबा. चित्र पुन्हा लावताना मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर हवा राहते.

कोठीतली सगळ्यात खालची फळी आता अडीच फुटांवर आहे. चुना मारताना रंगाऱ्याला सांगून गाळाच्या रेघेची वीतभर पट्टी तशीच सोडून घेतली आणि तिच्याशेजारी पेन्सिलने तारीख लिहिली. नवीन कोणी कोठीत काम करायला आलं की आधी ती दाखवायची आणि मग चित्रं कुठे ठेवायची ते सांगायचं.